‘लग्नगडी’ या शब्दाचा हिशेब

एस. टी. कामगारांचा संप असो, शिक्षकांचा बहिष्कार असो वा रुग्णालयातील परिचारिकांचे कामबंद आंदोलन असो, दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात एक वाक्य ठरलेले असते. संपकऱ्यांनी जनतेला वेठीस धरले! मंत्री हे वाक्य विधानसभेत उच्चारतात, अग्रलेखक ते उचलतात आणि पुष्कळदा आपल्याच चळवळीतील कार्यकर्तेही नकळत ते बोलून जातात. वस्तुतः वेठ म्हणजे दाम न देता, इच्छेविरुद्ध, दंडाच्या वा दंडुक्याच्या भयाने करून घेतलेले काम. म्हणजे ज्याने आपले श्रम काही काळ रोखून धरले त्याच्यावर दुसऱ्याचे श्रम फुकट लाटल्याचा आरोप ठेवला जातो. शब्दाचा इतका उलटा वापर मराठीत क्वचितच झाला असेल. ज्यांच्या आज्या-आजोबांनी जमीनदाराच्या दारात खरोखरीची वेठ केली त्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरी पट्ट्यातील माणसांना हा वाक्प्रचार कसा ऐकू येत असेल, याचा विचार अग्रलेख लिहिणाऱ्याने केलेला नसतो.

हा शब्द जुना आहे. संस्कृतातील ‘विष्टि’ प्राकृतातून उतरत मराठीत ‘वेठ’ झाली. इसवी सन १५० च्या सुमाराचा रुद्रदामन या क्षत्रपाचा जुनागढ येथील शिलालेख प्रसिद्ध आहे. वादळात फुटलेला सुदर्शन तलावाचा बांध आपण पुन्हा बांधला, आणि तो प्रजेला कर, विष्टी व सक्तीच्या देणग्या यांनी न पिडता स्वतःच्या कोषातून बांधला, अशी प्रौढी त्यात मिरवलेली आहे. राजा वेठ न घेतल्याचा उल्लेख दगडात कोरून ठेवतो, तेव्हा वेठ घेणे हीच सर्वसाधारण रीत होती हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. विदर्भातील वाकाटकांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावाला विष्टीतून सूट दिलेली आढळते. सूट मिळे ती दान घेणाऱ्याच्या सोयीसाठी. कुणब्याच्या खांद्यावरचे ओझे त्यामुळे हलके झाले की केवळ मालक बदलला, हे ताम्रपट सांगत नाही. याच शब्दाचे दक्षिणेतील रूप ‘वेट्टी’. निजामाच्या तेलंगणातील देशमुखांच्या ‘वेट्टी चाकिरी’विरुद्ध १९४६ ते १९५१ या काळात शेतकऱ्यांनी शस्त्र उचलले. युरोपातही अशा शब्दांचे नशीब वेगळे नव्हते. चेक भाषेत भूदासाच्या सक्तीच्या कामाला ‘रोबोटा’ म्हणत. कारेल चापेक या नाटककाराने १९२० साली त्यावरून ‘रोबोट’ हा शब्द प्रचारात आणला आणि आज शाळकरी मुलाला रोबोट म्हणजे खेळण्यातले यंत्र एवढेच ठाऊक असते.

वेठीला पुढे फारशीतील ‘बेगार’ येऊन मिळाली आणि मराठीत ‘वेठबिगार’ हा जोडशब्द रूढ झाला. दोन राजवटींनी आपापला शब्द दिला. काम करणारी माणसे मात्र तीच राहिली. आपल्या संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदात माणसांचा व्यापार आणि सक्तीची मजुरी यांना बंदी आहे. त्याच्या मूळ इंग्रजी मजकुरातही ‘बेगार’ हा शब्द जसाच्या तसा आहे. इंग्रजी कायद्याच्या एवढ्या मोठ्या शब्दभांडारात या देशातील या प्रकाराला नेमका प्रतिशब्द सापडला नाही, असाच याचा अर्थ.

परंतु जव्हार-मोखाड्याच्या परिसराने मराठीला जो शब्द दिला तो वेठ नव्हे. तो शब्द ‘लग्नगडी’. डहाणू, तलासरीपासून जव्हार, मोखाड्यापर्यंतच्या वारली-कोकणा मुलखात ज्याने लग्नासाठी सावकाराकडून वा जमीनदाराकडून पैसे वा धान्य घेतले आणि त्याच्या फेडीसाठी स्वतःचे अंग त्याच्या घरी बांधून दिले, तो लग्नगडी. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते आणि १९४८ साली ते मुंबई राज्यात विलीन झाले. मोखाडा मात्र ब्रिटिशांच्या ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्याचा पेटा म्हणून होता. इकडे आदिवासी कोळी राजा, तिकडे गोरा कलेक्टर. राज्य कोणाचे, यावरून डोंगरातील माणसाच्या कर्जात काही फरक पडत नव्हता.

या शब्दाची फोड करून पाहण्यासारखी आहे. ‘गडी’ हा मराठीतील मोठा लोभस शब्द. खेळगडी, सवंगडी, रांगडा गडी. त्यात बरोबरी आहे, धडधाकटपणा आहे. तोच शब्द मालकाच्या ओसरीवर गेला की नोकर होतो. तरीही देशावरच्या ‘सालगडी’ या शब्दात एक दिलासा शिल्लक असतो. पाडव्याला ठरलेला सालगडी पुढच्या पाडव्याला मोकळा होतो. प्रत्यक्षात तोही कर्जात अडकतो आणि वर्षामागून वर्षे त्याच वाड्यावर काढतो, हे खरे. पण निदान त्याच्या नावात मुदत लिहिलेली आहे. ‘साल’ संपले हे तो पंचांगावर बोट ठेवून सांगू शकतो. ‘लग्नगडी’ या शब्दात काम का धरले याचे कारण आहे, कधी सुटणार याचा उल्लेखच नाही. आणि ‘लग्न’ या शब्दाचा धातू पाहिला तर तो ‘लग्’, म्हणजे चिकटणे, जडणे. लग्न म्हणजे मुळात ‘चिकटलेले’. मग ज्योतिष्यांनी तो शब्द राशीच्या उदयाला लावला, पुढे शुभ घटिकेला आणि अखेर विवाहाला. सावकाराने तो पुन्हा मूळ अर्थावर आणून ठेवला, असे म्हणावे लागते.

सुशिक्षित माणूस हे ऐकून चटकन म्हणतो, आदिवासी लग्नावर उधळपट्टी करतात, मग कर्ज होणारच. हा आक्षेप जुना आहे आणि तितकाच उथळ आहे. वारली समाजात हुंडा नाही, देज आहे. वराकडील मंडळी वधूच्या घरी देज देतात, कारण कष्ट करणारी एक मुलगी त्या घरातून जाते. ज्या रीतीत स्त्रीच्या श्रमाला निदान मोल मानले जाते, तिला मागासलेली म्हणण्याचा अधिकार हुंडा घेणाऱ्या समाजाला कितपत पोचतो? शिवाय देज देणे शक्य नसेल तर त्यावर समाजातच उपाय होते. मुलाने काही वर्षे सासऱ्याच्या घरी घरजावई म्हणून राबायचे आणि मोकळे व्हायचे. नाही तर दोघांनी संसार थाटायचा आणि विधी पुढे, ऐपत येईल तेव्हा, कधी कधी पोरेबाळे झाल्यावर उरकायचा. अशी जोडपी या भागात आजही सामुदायिक विवाहाच्या मांडवात आपल्या मुलांना कडेवर घेऊन उभी राहतात आणि पाहुणे मंडळी त्याचे नवल करतात. घरजावयाचे राबणे आणि लग्नगड्याचे राबणे बाहेरून सारखेच दिसे. शेत तेच, नांगर तोच. पण घरजावयाच्या राबण्याला शेवट होता, आणि ज्याच्याकडे तो राबे तो त्याचा सासरा होता. सावकार मध्ये आला तेव्हा शेवट गेला आणि नातेही गेले.

आता या व्यवहाराचे अर्थशास्त्र पाहू. लग्नगड्याने घेतलेली रक्कम बहुधा लहान असे. ती मोठी असण्याची सावकाराला गरज नव्हती. गडी दिवसभर मालकाकडे राबला की त्याला पोटापुरते धान्य मिळे. हे धान्यच मजुरी मानले जाई, म्हणून मुद्दल फेडायला त्यातून काही उरत नसे. आजारी पडला तर खाडा मांडला जाई. घरी मरण आले, पावसाळ्यात कणगी रिकामी झाली, तर नवे कर्ज. लिहिणारा हात मालकाचा, अंगठा गड्याचा. अशा खात्यात मुद्दल कधीच घटत नाही, कारण घटण्याची वाटच ठेवलेली नसते. मालकाच्या दृष्टीने ते कर्ज नव्हतेच. हंगामाच्या दिवसांत हुकमी माणूस हाताशी असावा म्हणून केलेली ती गुंतवणूक होती. मजुरीचा दर बाजारात वाढला तरी लग्नगड्याचा दर वाढत नाही, हाच तिचा नफा. आणि गड्याबरोबर त्याची बायकोही मालकाच्या कामाला धरली जाई. तिने कर्ज घेतलेले नसे, अंगठाही दिलेला नसे. तिचे लग्न झाले हाच तिचा करार.

हे सरकारला ठाऊक नव्हते असे नाही. १९३७ साली मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, त्या सुमारास डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याकडे प्रांतातील आदिवासींच्या स्थितीची चौकशी सोपविण्यात आली. त्याच्या अहवालात जंगलपट्टीतील कुळांकडून जमीनदार घेत असलेली वेठ आणि लग्नाच्या कर्जातून येणारी दास्यप्रथा या दोहोंची नोंद आहे. अहवाल छापला गेला, कपाटात गेला. प्रथा मोडायला सुरुवात झाली ती १९४५ साली. त्या वर्षी मे महिन्यात उंबरगाव तालुक्यातील झरी येथे वारल्यांची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने किसान सभेने वेठ करायची नाही आणि लग्नगडी राहायचे नाही असा निर्धार तेथे करविला आणि पाड्यापाड्यांतून लग्नगडी मालकांची घरे सोडून बाहेर पडू लागले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाचजण मृत्युमुखी पडले. ही सर्व हकिगत गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात आली आहे. झेंडा कोणाचा होता यावरून डाव्या चळवळीत पुष्कळ शाई खर्च झालेली आहे. लग्नगड्याने मालकाचा उंबरठा ओलांडला तेव्हा त्याने तो प्रश्न विचारला नव्हता.

यानंतर तीस वर्षांनी, ऑक्टोबर १९७५ मध्ये, वेठबिगार पद्धती नष्ट करणारा वटहुकूम निघाला आणि १९७६ साली त्याचा कायदा झाला. आणीबाणीच्या काळात, ज्या सरकारने समाजवाद्यांना तुरुंगात डांबले होते त्याच सरकारने, वीस कलमी कार्यक्रमाचा भाग म्हणून हा कायदा केला, ही गोष्ट आपल्या मंडळींना अवघड वाटते. पण कायदा चांगला आहे. बंधक कर्ज त्याने रद्द केले. कर्ज बंधक नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याने मालकावर टाकली. तक्रार करणाऱ्याला पुरावे शोधत हिंडावे लागू नये हा त्याचा हेतू. जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या नेमण्याची तरतूद त्यात आहे. त्यातील एक स्पष्टीकरण मात्र कार्यकर्त्यांनी मुद्दाम वाचावे. कोणत्या प्रथांत असा करार समाजरूढीने गृहीत धरला जातो, हे सांगण्यासाठी तेथे देशभरची सुमारे तीस नावे दिली आहेत. त्यात बिहारची ‘कामिया’ आहे, राजस्थानची ‘सागडी’ आहे, दक्षिणेची ‘वेट्टी’ आहे, ‘जीथा’ आहे, ‘हरवाई’ आहे. ‘लग्नगडी’ नाही.

कायद्याच्या दृष्टीने यामुळे काही बिघडत नाही, असे वकील सांगतील, आणि ते बरोबर आहे. यादी उदाहरणादाखल आहे, कायद्याची व्याख्या तिच्याहून रुंद आहे. पण कायदा राबविणारा तलाठी किंवा नायब तहसीलदार व्याख्येवरून माणसे शोधत नाही, नावावरून शोधतो. तो पाड्यावर येऊन विचारतो, येथे कोणी वेठबिगार आहे काय? पाड्यावरची माणसे म्हणतात, नाही. दोघेही खरे बोलतात आणि अहवाल कोरा जातो. गांधी शांती प्रतिष्ठान आणि राष्ट्रीय श्रम संस्था यांनी १९७८-७९ मध्ये दहा राज्यांत पाहणी करून वेठबिगारांची संख्या सुमारे २६ लाख असल्याचा अंदाज दिला, तेव्हा सरकारांनी त्यावर अविश्वास दाखविला. याच काळात ठाणे जिल्ह्यात भूमिसेना, कष्टकरी संघटना आणि पुढे श्रमजीवी संघटना यांनी वेठबिगारांचा प्रश्न हाती घेतला, कारण त्यांचे कार्यकर्ते यादी घेऊन गेले नव्हते. पाड्यावर राहून माणसांचे कर्ज विचारत होते.

आज ‘लग्नगडी’ हा शब्द मुख्यतः पुस्तकांत आणि वृद्धांच्या आठवणीत उरला आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याच्या शासकीय कागदांत तो सापडण्याचे कारण नाही. मग ती प्रथा गेली काय? जव्हार-मोखाड्यात पाऊस धो धो पडतो आणि उन्हाळ्यात बाया हंडा घेऊन दरीत उतरतात. डोंगरउतारावरची नागली, वरई आणि खाचरातले थोडे भात दिवाळीपर्यंत घरात येते, ते वर्षाला पुरत नाही. दिवाळी आटोपली की कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर, रेतीवर, बांधकामांवर निघतात. याला येथला माणूस स्थलांतर म्हणत नाही. तो म्हणतो, ‘जगायला चाललो.’ हा वाक्प्रचार एकदा ऐकल्यावर अर्थशास्त्राच्या पुस्तकातील ‘हंगामी श्रमिक गतिशीलता’ वाचताना लाज वाटावी.

आणि जगायला निघण्यापूर्वी, श्रावण-भाद्रपदात कणगीचा तळ दिसू लागतो तेव्हा, मुकादम किंवा भट्टीमालक ‘उचल’ देतो. हाच लग्नगडी या शब्दाचा आजचा वारस. भट्टीवर आठवड्याला हातखर्चापुरती ‘खर्ची’ मिळते. विटांचा हिशेब हजारी दराने शेवटी व्हायचा, त्यातून उचल आणि खर्ची वजा व्हायची. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो आणि पुष्कळांच्या अंगावर उचल शिल्लकच निघते. ती फेडायला पुढच्या दिवाळीला पुन्हा तीच भट्टी. लिहिणारा हात आजही मालकाचाच. ऊसतोडीत तर नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. उचल कोयत्यावर दिली जाते, बाईच्या नावावर काही नसते. लग्नगड्याच्या बायकोचा हिशेब याहून निराळा नव्हता. ‘उचल’ या शब्दाची सफाई मात्र दाद देण्याजोगी आहे. कर्ज म्हटले की कोणीतरी दिले असे वाटते, उचल म्हटले की मजुराने आपण होऊन उचलली असे वाटते! व्याकरणानेच जबाबदारी त्याच्यावर टाकली.

येथे काही अर्थशास्त्रज्ञ म्हणतील की बँक ज्याला दारात उभी करत नाही त्याला कोणीतरी आगाऊ रक्कम देतो, तो स्वखुशीने घेतो. यात सक्ती कोठे आहे? याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच, आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात, देऊन ठेवले आहे. भुकेने दुसरा मार्ग ठेवला नाही म्हणून किमान वेतनापेक्षा कमी दराने काम पत्करणे हीही सक्तीचीच मजुरी, असा तेविसाव्या अनुच्छेदाचा अर्थ न्यायालयाने लावला. १९८३ साली बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात ते एक पाऊल पुढे गेले. मजुराकडून सक्तीने काम करून घेतले जात असल्याचे दिसले की त्यामागे आगाऊ रक्कम आहे असे गृहीत धरावे, नाही हे मालकाने दाखवावे. इतका स्पष्ट निर्णय असूनही उचलीचा व्यवहार उघड्यावर, साक्षीदारांसमोर चालतो. त्यात कोणाला गुन्हा दिसत नाही, कारण त्या शब्दातून गुन्ह्याचा वास येत नाही.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये मोखाडा पोलिसांत एक गुन्हा नोंदला गेला. एका कातकरी बापाने मुलाच्या कफनासाठी मालकाकडून ५०० रुपये घेतले, ते फिटावेत म्हणून त्याला राबविण्यात आले आणि अखेर त्याने जीव दिला, अशी ती तक्रार होती. आरोप न्यायालयात सिद्ध व्हायचा तेव्हा होवो. पण १९४५ साली लग्नासाठी माणूस गहाण पडत होता आणि शहात्तर वर्षांनी कफनासाठी पडल्याची तक्रार त्याच मुलखातून येते, याला शब्द कोणता लावायचा? पुढच्याच वर्षी, २०२२ साली, शेजारच्या इगतपुरी तालुक्यातील कातकरी मुले थोड्या पैशांवर आणि एखाद्या मेंढीवर मेंढपाळांकडे कामाला ठेवल्याचे एका लहान मुलीच्या मृत्यूनंतर उघडकीस आले. त्या मुलांसाठी तर कोणतेही नाव रूढ झालेले नव्हते. मुले ‘कामाला ठेवली’ होती, एवढेच.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या योजनेत मुक्त झालेल्या वेठबिगाराच्या पुनर्वसनासाठी एक लाखापासून तीन लाखांपर्यंत रकमेची तरतूद झाली, पण पूर्ण रक्कम मालकाला शिक्षा होण्याशी जोडली गेली. आपल्या न्यायालयांची गती लक्षात घेता सुटलेल्या माणसाने तोवर काय खावे? तो पुन्हा उचलच घेणार. सुटकेच्या आठवड्यात हातात काम आणि धान्य, हीच खरी मुक्ती. त्यासाठी रोजगार हमीची मजुरी पंधरवड्याच्या आत मिळण्यासारखा दुसरा उपाय नाही. महाराष्ट्राने हमीचा कायदा १९७७ साली देशाच्या आधी केला आणि मजुरी वेळेवर देण्याची सवय मात्र अजून लावून घेतलेली नाही.

पक्षाच्या कार्यकर्त्यांना या बाबतीत करण्यासारखे काम आहे आणि त्याला मोर्चाही लागत नाही. दिवाळीनंतरच्या आठवड्यात जव्हार आणि मोखाड्याच्या एस. टी. स्थानकांवर, पाड्यांच्या वाटेवर उभ्या राहणाऱ्या ट्रकांपाशी एक वही घेऊन बसावे. वेठबिगार कोण हे विचारू नये. उचल किती घेतली, कोणाकडून, कोणत्या महिन्यात, कशासाठी. लग्न, आजारपण, मर्तिक की नुसते धान्य. गेल्या वर्षीची शिल्लक किती होती आणि ती कोणी सांगितली. बायको आणि मुले हिशेबात आहेत की नाहीत. हजारी विटेचा दर ठरला तेव्हा समोर कोण होते. उत्तरे माणूस ज्या शब्दांत देईल त्याच शब्दांत लिहून घ्यावीत, शासकीय मराठीत रूपांतर करू नये. वहीची एक प्रत उपविभागाच्या दक्षता समितीकडे द्यावी, आणि मूळ वही शिमग्याला ही माणसे घरी येतील तेव्हा त्यांच्यासमोर पुन्हा उघडावी.